तांदळाच्या बाई

चिमूटभर तांदूळ तोंडात टाकायचा, डोळे मिटून दोनदा चावायचा आणि मान डोलवत म्हणायचं, "हं. चांगला आहे." बाईंची आमच्या वस्तीत शिरायची पद्धत ही अशी होती.

तांदूळ कुणाचाही असो, कसलाही असो, त्यांना तो चांगलाच लागायचा. एकदा आईनं गंमत म्हणून घरच्या इंद्रायणीऐवजी रेशनचा जुना तांदूळ त्यांच्यापुढे धरला. बाईंनी डोळे मिटले, चावला आणि म्हणाल्या, "हं. चांगला आहे. वासही सुरेख आहे." आई तोंडाला पदर लावून आत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही.

मी हे लिहायला घेतलंय खरं, पण नीट जमेल की नाही सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. परीक्षेतले निबंध सोडले तर मी कधी काही लिहिलेलं नाही. पण तुमच्याही गावात अशी कुणीतरी बाई येत असेल, नाहीतर येऊन गेली असेल, आणि तुम्हीही तिच्याकडे लांबून पाहिलं असेल. मीही आधी लांबूनच पाहत होते.

आमची वस्ती लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात, गावाच्या थोडी वर. शनिवार-रविवारी नागफणीचा कडा बघायला आलेल्यांच्या गाड्या खालच्या रस्त्यावर लागतात. वर वस्तीत कुणी येत नाही. बाई यायच्या त्या मधल्या वारी. चढावर स्कूटी बंद पडायची म्हणून ती खालीच लावायच्या आणि चालत वर यायच्या. वर पोचल्या की आधी कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि समोर जे कुणी असेल त्याला, कधी कधी आमच्या म्हशीलासुद्धा, म्हणायच्या, "थांबा हं, आधी श्वास येऊ दे." पन्नाशी ओलांडलेली, केसांचा इवलासा अंबाडा, सुती साडी आणि पायात मात्र शाळेच्या मुलांसारखे पांढरे बूट. बोलणं तळेगावचं, अगदी पुस्तकातल्यासारखं.

"घरचा इंद्रायणी मिळेल का?" असं विचारत त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. तांदूळ घ्यायला आलेलं माणूस भाव विचारतं, पिशवी भरतं आणि जातं. बाईंनी पिशवी बाजूला ठेवली, पडवीत मांडी घातली आणि आईच्या पुढ्यातलं सूप ओढून घेत म्हणाल्या, "द्या, मी निवडते थोडे. तुमचं चालू द्या."

निवडणं त्यांना अजिबात येत नव्हतं. खडे सुपात राहायचे आणि तांदूळ अंगणात उडायचा.

"बाई, आवं कोंबड्यांचं जेवान उरकलं की वो तुमच्या निवडण्यात!" आई म्हणायची.

बाई हसायच्या, आणि पुढचा दाणाही अंगणातच टाकायच्या. त्यांना खरंच येत नव्हतं, की येऊ द्यायचं नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं मात्र खरं, की त्यांना शिकवायचं म्हणून शेजारच्या बायका येऊन बसायला लागल्या. हात सुपात गुंतला की तोंड मोकळं होतं. कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाचं झोपेत दचकून उठणारं पोर. बाई सगळं ऐकून घ्यायच्या. मध्ये बोलायच्या नाहीत. बोलणारी थांबली की सुपावरची नजर न काढता विचारायच्या, "बरं. आणि तुम्ही?"

आईला त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी तिथंच होते. म्हशीचं दूध, बाबांची ड्युटी, माझं कॉलेज असं सगळं सांगून आई थांबली होती.

"बरं. आणि तुम्ही?"

"मी काय?" आई म्हणाली. "मी हाय की."

आणि मग पुढे काय बोलावं ते तिला सुचेना. संध्याकाळी भाकरी थापताना ती मध्येच थांबून म्हणाली, "येडीच हाय ती बाई. मला इचारती, आनि तुमी." तक्रारीचा सूर नव्हता तो.

आता लताकाकूचं सांगायला हवं. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. तिचा नवरा पर्यटकांना फिरवायची गाडी चालवायचा. एका पावसाळ्यात घाटात गाडी घसरली आणि तो गेला. घरात तिघं उरली. लताकाकू, चौथीत शिकणारी तिची मुलगी सोनी आणि काकूचे सासरे. त्यांना सगळी वस्ती आबा म्हणते.

काकू आधी कुसगावला एका बंगल्यावर कामाला जायची. ते सुटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. चूल पेटली तर पेटली, नाहीतर नाही. आणि सोनी शाळेत जायची बंद झाली. आबांनी हाताला धरून नेली तर वाटेतून पळून यायची. मारून झालं, खाऊचं आमिष दाखवून झालं. आबांनी तिला भगताकडे नेलं. त्यानं लिंबू उतरवून काळा दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी सोनी त्या दोऱ्यासकट घराच्या दारात बसलेली. बाहेरच्या कुणाशी ती बोलेनाशीही झाली होती.

शेवटी आबांनी जाहीर केलं, "जूनला हिला लांबच्या हास्टेलात टाकतो. हितं राहून पोरगी वाया जातीय." वस्तीत कुणाला हे पटलं नव्हतं, पण आबांपुढे बोलणार कोण?

शाळेतल्या गुरुजींनी मात्र लोणावळ्यातल्या एका छोट्या संस्थेला कळवलं. मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मनाच्या दुखण्यांसाठी ती संस्था काम करायची. तांदळाच्या बाई तिथल्या होत्या. मला हे पुढे कळलं. मनाचं म्हटलं की लोकांना डोक्याचं ऐकू येतं, आणि डोक्याचं म्हटलं की दारं लागतात, म्हणून त्यांनी तांदळाचं कारण काढलं होतं. थेट लताकाकूकडे न जाता त्या शेजारी, आमच्याकडे येऊन बसल्या होत्या. घेतलेला तांदूळ संस्थेच्या कपाटात साठत गेला आणि तिथली सगळी माणसं डब्यात भातच आणायला लागली म्हणे.

सोनी तिच्या दारात बसून आमच्या पडवीकडे बघत असायची. बाईंनी तिला कधी बोलावलं नाही. नुसता तांदूळ उडवत राहिल्या. एका दुपारी सोनीला ते सहन झालं नाही.

"अवं, त्यो खडा न्हाई! तांदूळ हाय त्यो!"

सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या. बाईंनी मान वर केली नाही. "हो का? मग खडा कुठला?"

सोनी आली, उकिडवी बसली. "ह्यो. आन् ह्यो. तुमाला दिसत न्हाई व्हय?"

"चष्मा जुना झालाय गं."

"मग नवा घ्या की!"

तेव्हापासून ती आमच्यात येऊन बसायला लागली. पण बसायची ती तिरकी, मान सतत आपल्या घराच्या दाराकडे. आम्हाला वाटायचं, लाजते. पुढच्या खेपेला बाई पडवीच्या पलीकडच्या टोकाला बसल्या. तिथं त्यांच्यासमोर बसलं की सोनीला न वळता तिच्या घराचं दार दिसायचं. त्या टोकाला फाल्गुनातलं ऊन थेट अंगावर यायचं.

"बाई, अलीकडं सरका की. ऊन लागतंय."

"असू दे. मला ऊन आवडतं," बाई म्हणाल्या, आणि पदरानं मान पुसत राहिल्या.

एक दिवस पडवीत त्या दोघीच होत्या. मी उंबऱ्याशी पुस्तक घेऊन बसले होते. सोनी खूप बोलली. शेळीला झालेल्या करडांचं, मैत्रिणीच्या नव्या दप्तराचं, गुरुजींच्या मोटारसायकलीचं. मग थांबली.

"बरं. आणि तू?"

सोनीनं जरा विचार केला. "मी राखण करती."

"कशाची?"

"आईची." ती सुपात बोटानं रेघा ओढत होती. "आई येकदा कड्याकडं गेलती. येकलीच. मी हाक मारली तवा फिरली माघारी." आणि मग बाईंकडे बघून म्हणाली, "मी साळंत आसते तर हाक कुनी मारली आसती?"

माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. घाबरू नको, असं काही होणार नाही, आई बरी होईल, असलं काहीतरी मी बोलले असते. बाई तसं काही बोलल्या नाहीत. त्यांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

"तू हाक मारलीस म्हणून आई परत आली. फार मोठं काम केलंस तू. पण हे काम एकटीचं नाही, सोनी. मोठ्या माणसांचं आहे. मी सांगू का त्यांना?"

सोनीनं सुपातल्या रेघा पुसून टाकल्या. मग म्हणाली, "सांगा. पन आबाला नगा सांगू. त्यो रडंल."

त्याच दुपारी बाई लताकाकूच्या घरात गेल्या. काकू पडली होती त्या भिंतीशी बसून राहिल्या. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. आम्हाला फक्त बाहेर काढून ठेवलेले पांढरे बूट दिसत होते, आणि ऊन उतरलं तरी ते तिथंच होते. दुसऱ्या दिवशी त्या काकूला स्कूटीवर बसवून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या; आबांना वाटलं, अशक्तपणाच्या असतील. मग त्यांनी आईला आणि शेजारच्या दोघींना बाजूला घेऊन विचारलं, की सोनी शाळेत असेल तेवढा वेळ काकूजवळ कोण बसेल.

निवडायची सुपं आमच्या पडवीतून काकूच्या पडवीत गेली. आईनं सोनीला सांगितलं, "साळा सुटंस्तवर तुजी आई माज्या नजरंतनं हलायची न्हाई."

"शप्पथ?"

"तुजी शप्पथ."

"माजी नगं. म्हशीची घे."

आईनं म्हशीची शपथ घेतली. सोनीला माहीत होतं, आईचा जीव कुठं आहे ते.

सोनी शाळेत जायला लागली. मधल्या सुट्टीत पळत यायची, काकूला बघायची, पाणी प्यायची आणि पळत परत जायची. गुरुजी तिला काही म्हणायचे नाहीत. पण जून जवळ येत होता आणि आबांचा बेत बदललेला नव्हता. बाई शाळेचा विषय काढायच्या तेव्हा ते, "बरं बरं, तुमी तुमचा तांदूळ बघा," म्हणून गुरांकडे निघून जायचे.

मग वैशाखातला तो दिवस आला. सकाळची शाळा सुटून सोनी घरी आली होती. त्या दिवशी काकूही उठून बसली होती आणि आमच्यात बसून निवडत होती. हळूहळू, पण निवडत होती. आबा कुसगावहून आले ते तरातरा चालत. तिथल्या चहाच्या टपरीवर त्यांना कुणीतरी विचारलं होतं, की तुमच्या घरी ती डोक्याच्या संस्थेची बाई कशाला येते.

"तांदूळ न्यायला येतीस, का माज्या सुनंला येडी ठरवायला?" त्यांनी बाईंच्या पुढ्यातलं सूप उचललं. आम्हाला वाटलं, आता हे अंगणात जाणार. पण आबा जन्मभर भात लावलेला माणूस. भरलेलं सूप त्यांच्यानं फेकवेना. त्यांनी ते हळूच, एक दाणा न सांडता, परत खाली ठेवलं आणि मग ओरडले, "माजी सून येडी न्हाई! उद्याच्या उद्या पोरीला हास्टेलात नेतो. जून बिन काय न्हाई आता!"

सोनीनं काकूचा पदर मुठीत धरला. काकूनं हातातला तांदूळ सोडून दिला.

बाई उभ्या राहिल्या. "मी खोटं बोलले, आबा. तुम्ही मला घरात घेतलंत आणि मी खोटं बोलून बसले. मला वाटलं, खरं सांगितलं तर दार लावाल." मग त्या बायकांकडे वळल्या. "तुमचीही माफी मागते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी आई म्हणाली, "आमची कशाला वो? आमाला पयल्या दिसापासनं ठावं हाय."

"काय?"

"आवं, रेशनचा तांदूळ चावून सुरेख वास हाय म्हन्ता. तुमी कसल्या तांदळाच्या बाई?"

"आन् येवढा तांदूळ येकली बाई खाती व्हय?" दुसरी म्हणाली.

"मग तुम्ही मला कधी बोलून दाखवलं नाहीत?"

"बोलून काय?" आईनं खांदे उडवले. "खालच्या आळीतली लोकं इचारायची, कोन बाई येती तुमच्यात. आमी सांगायचो, तांदळाची बाई. लताला कुनी नावं ठिवू नये म्हनून."

मी आईकडे बघतच राहिले. मला हे घरात कुणी सांगितलं नव्हतं. बाई महिनोन्‌महिने आमच्यापासून जे लपवत होत्या, तेच वस्ती त्यांच्यासाठी बाकीच्या गावापासून लपवत होती. बाईंनी आईकडे बघितलं, बाकीच्यांकडे बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्या चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. काकूच्या ओठाचा कोपराही हलला. मी नीट बघितलं, हलला.

"मंजी मला येकट्यालाच ठावं नव्हतं?" आबा म्हणाले. राग होता, पण आता त्याला कुठं टेकावं ते कळत नव्हतं.

"तुमाला कोन सांगनार?" आई म्हणाली. "तुमी उठायचा आन् भगताकडं जायचा."

मग बाईंनी चष्मा घातला आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "बरं. आणि तुम्ही, आबा?"

"माजं काय?"

बाई थांबून राहिल्या.

"माजं काय," आबा पुन्हा म्हणाले, आणि पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माजा पोरगा ग्येला, बाई. येतंय त्ये इचारतंय, सून कशी हाय, नात कशी हाय." त्यांनी सोनीकडे बघितलं. "पोरीला लांब धाडतोय ती काय हौसंनं? मी आज हाय, उद्या न्हाई. हिची आई ही आशी. पोरीनं कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

आणि सोनीनं सांगितलं होतं तसेच ते रडले, टोपीनं तोंड झाकून. सोनीनं काकूचा पदर सोडला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"रडू नगं आबा. मी जाती की साळंत. हितल्याच."

आबांनी त्या दिवशी काही कबूल केलं नाही. "बघू जूनला," एवढंच म्हणून ते गुरं सोडायला गेले. बाईंनीही आग्रह धरला नाही. खाली जाईपर्यंत मी त्यांच्याबरोबर होते. स्कूटीपाशी त्या म्हणाल्या, "मी तुमच्यापासून लपवत बसले बघ. आधीच सांगायला हवं होतं." मी त्यांचं हेल्मेट धरून उभी राहिले.

जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी सोनी नव्या वह्या घेऊन आमच्या दारावरून गावातल्याच शाळेत गेली. आबांनी हॉस्टेलचं नाव काढलं नाही आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. पुढच्या वेळी बाई आल्या तेव्हा मात्र ते बराच वेळ घोटाळले आणि मग हळूच म्हणाले, "बाई, डाक्टरला माज्यासाटी बी इचारा. झोप लागत न्हाई." त्यानंतर स्कूटीवर कधी काकू बसायची, कधी आबा. आबा मागे इतके ताठ बसायचे, की सगळी वस्ती बघायला उभी राहायची.

सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. काकूचे वाईट दिवस अजून येतात. त्या दिवशी ती बोलत नाही, आणि आई सूप घेऊन तिच्याकडे जाऊन बसते. पण आता आम्हाला तसे दिवस ओळखू येतात. आणि बाई कोण, हे खालच्या आळीलाही माहीत आहे. तिथल्या दोघीजणी आपल्या मुलांना घेऊन त्यांना भेटायला येऊन गेल्या.

आता बाई आमच्याकडे येत नाहीत. संस्थेनं त्यांना पवना धरणाच्या बाजूच्या गावांत काम दिलं आहे. कधी फोन करतात. पण माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं येणं म्हटलं की शेवटचंच येतं, आणि ते शेवटचं आहे हे आम्हा दोघींनाही तेव्हा माहीत नव्हतं.

भाताची झोडणी उरकली होती. परीक्षा होती म्हणून मी घरीच वाचत बसले होते. बाई न सांगता आल्या आणि सरळ लताकाकूच्या दाराशी गेल्या. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून मी बाहेर येऊन बघितलं. त्या दारासमोर नुसत्या उभ्या होत्या. दाराला कुलूप होतं.

"अगं, कुठं गेली सगळी?" त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं.

"काकू कुसगावला, बाई. बंगल्यावर परत लागली. सोमवारपासून. आबा गुरांमागं गेलेत."

"आणि सोनी?"

"शाळेत. आता संध्याकाळीच येते. मधल्या सुट्टीत येत नाही."

"येत नाही?"

"खेळते की तिकडंच."

बाई पायरीवर बसल्या. समोरच्या डोंगरावर ऊन होतं, खालून कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. मी चहा टाकते म्हटलं तर त्यांनी मान हलवली.

"नको. आज माझं इथं काही काम नाही," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

दोन पावलं जाऊन त्या परत वळल्या. आपण स्वतःचं घर सोडताना बघतो ना, तसं त्यांनी कुलूप धरून एकदा खाली ओढून बघितलं. ते नीट लागलेलं होतं.